डार्क मॅटर आणि कोलायडर: ‘काहीच सापडलं नाही’ या हेडिंगबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात विज्ञानाच्या पानावर एक छोटी बातमी होती, की जमिनीखालच्या त्या मोठ्या कोलायडरमध्ये, म्हणजे कणांवर कण आपटणाऱ्या यंत्रात, इतकी वर्षं टकरी घडवूनही डार्क मॅटर (प्रकाशात न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं मॅटर) काही सापडलं नाही, आणि वर हेडिंगमध्ये ‘अपयश’ हा शब्द ठळक टाईपात. बातमीत चुकीचं असं एकही वाक्य नव्हतं, पण हेडिंग वाचून कुणाचाही समज हाच होणार की एवढा खटाटोप करून शास्त्रज्ञ हात हलवत परत आले. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, मग डार्क मॅटर नसतंच का?’ तिला नीट उत्तर देण्यात दोन तास गेले, आणि तेव्हाच ठरवलं की हे आपल्यालाही लिहून कळवायचं. पत्र लांबलंय, पण थोडक्यात सांगायला गेलं की परत त्या हेडिंगसारखंच होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी तिचाच प्रश्न घेते. डार्क मॅटर आहे की नाही हे कोलायडरवर ठरत नाही, ते आकाशाकडे बघून ठरलंय, आणि तेही वेगवेगळ्या वाटांनी. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा नावाच्या दीर्घिकांच्या समूहात एकेक दीर्घिका किती वेगानं पळतेय ते बघितलं, हिशेब केला, तर दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनात तो समूह बांधून ठेवायची ताकदच नव्हती, कधीच उधळून जायला हवा होता. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचं फिरणं मोजलं, केंद्रापासून लांब जावं तसा वेग उतरेल असं वाटत होतं पण तो काही उतरेना. मग बुलेट क्लस्टर, ज्याचा २००६ मधला अभ्यास मला स्वतःला सगळ्यात जास्त पटतो. दोन समूह एकमेकांतून आरपार गेले, त्यांच्यातला गरम वायू एकमेकांवर घासून मध्येच मागे राहिला, पण मागचा प्रकाश किती वाकतोय यावरून वजन कुठे आहे ते काढलं तर ते वायूबरोबर मागे राहिलंच नव्हतं, पुढे निघून गेलं होतं. आणि विश्वाच्या अगदी सुरुवातीचा जो प्रकाश अजून सगळीकडून येतोय त्यातले बारीक चढउतार प्लँक उपग्रहानं मोजले, त्यातून निघालं की आपल्या ओळखीचं मॅटर विश्वात जेमतेम ५ टक्के आणि डार्क मॅटर २७ टक्क्यांच्या आसपास. गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलून हे सगळं समजावता येईल का असा प्रयत्न करणारे लोकही आहेत, त्यांचं म्हणणं मी वर्गात आवर्जून सांगते, पण बुलेट क्लस्टर आणि हा जुना प्रकाश दोन्ही एकाच वेळी त्या वाटेनं समजावणं फार जड जातं.

तेव्हा कोलायडरला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. हे डार्क मॅटर बनलंय कशाचं? आकाशातून जे कळलं ते सगळं गुरुत्वाकर्षणातून कळलं, आणि गुरुत्वाकर्षणाला फक्त एकूण वजन कळतं, एकेक कण केवढा, हलका की जड, आपल्या मॅटरशी त्याचं दुसऱ्या कुठल्या बलानं काही देणंघेणं आहे का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. आपल्या आसपास हे किती असावं याचा अंदाज आहे, दर घनसेंटिमीटरला साधारण ०.३ जीईव्ही (कणांचं वजन आणि ऊर्जा मोजायचं एकक), म्हणजे एका प्रोटॉनच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. समजा एकेक कण प्रोटॉनच्या शंभरपट जड असेल तर एक लिटर जागेत कुठल्याही क्षणी असे तीनच कण, तेही सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटरच्या वेगानं आरपार जाणारे. वर्गात मी रिकामी बाटली टेबलावर ठेवते आणि सांगते की आत्ता, या क्षणी, आत तीन आहेत. मुलं बाटलीकडे ज्या नजरेनं बघतात ते बघण्यासारखं असतं.

आता असा कण धरायचा तर तो येईल तेव्हा येईल म्हणून वाट बघत बसायचं, नाहीतर स्वतःच तयार करायचा. कोलायडर दुसरं करतो. ऊर्जेचं रूपांतर वस्तुमानात होतं, पुरेशी ऊर्जा एका बिंदूत कोंबली आणि निसर्गाची परवानगी असली तर नवीन कण जन्माला येतो. आणि ही आशा हवेतून आलेली नव्हती. सुरुवातीच्या गरम विश्वात असे कण सतत तयार होत होते आणि एकमेकांना नष्टही करत होते, विश्व पसरून थंड झालं तसं हे थांबलं आणि जे उरले ते उरले. ते किती उरावेत याचं गणित केलं तर असं दिसतं, की क्षीण बलाच्या (निसर्गातल्या चार मूलभूत बलांपैकी एक) आसपासच्या ताकदीनं एकमेकांशी बोलणारा आणि साधारण त्याच पट्टीतलं वजन असलेला कण असेल तर आज जेवढं डार्क मॅटर दिसतंय जवळपास तेवढंच उरतं. या कणांना विम्प म्हणतात. आणि नेमकी तीच पट्टी आपल्या यंत्रांच्या हाताशी येत होती, त्यामुळे लोकांच्या आशा उंचावल्या तर त्यात काही गैर नव्हतं.

जिनिव्हाजवळ सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर (एलएचसी) आहे, २७ किलोमीटरचं वर्तुळ, जमिनीखाली साधारण १०० मीटर, २०२२ पासून तिथे १३.६ टीईव्ही (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) ऊर्जेला प्रोटॉन प्रोटॉनवर आपटतात, दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे दोन झुबके एकमेकांतून जातात. हे आकडे बातम्यांत नेहमी येतात. जे येत नाही ते हे, की डार्क मॅटरचा कण तयार झाला तरी डिटेक्टरला तो दिसणारच नाही. तो कशालाही न अडता सात हजार टनांच्या (अ‍ॅटलास) किंवा चौदा हजार टनांच्या (सीएमएस) डिटेक्टरमधून निघून जाईल. मग शोधायचं काय?

शोधायचा तो जमाखर्चातला फरक. टकरीआधी दोन्ही प्रोटॉन एकाच रेषेत समोरासमोर येतात, त्या रेषेला आडव्या दिशेनं त्यांचा संवेग जवळपास शून्य असतो. संवेग अक्षय्यतेचा नियम शाळेतलाच, म्हणून टकरीनंतर जे जे बाहेर पडलं त्या सगळ्यांच्या आडव्या संवेगाची बेरीजही शून्यच यायला पाहिजे. एका बाजूला कणांचा मोठा फवारा गेला, त्याला जेट म्हणतात, आणि समोरच्या बाजूला काहीच नाही, तर समोरून काहीतरी न दिसता गेलं. फक्त आडवाच संवेग का, असं मुलं नेहमी विचारतात. तर खरी टक्कर प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क किंवा ग्लुऑनची असते, आणि त्यानं प्रोटॉनच्या संवेगातला किती वाटा उचलला होता हे टकरीगणिक वेगळं, आपल्याला माहीत नसलेलं, शिवाय बरंच काही बीमच्या पाईपमधून तसंच पुढे निघून जातं, म्हणून बीमच्या दिशेचा हिशेब जुळवताच येत नाही. आडव्या दिशेचा येतो.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मला स्वतःला कळायला वेळ लागला. डार्क मॅटरचे दोन कण तयार झाले आणि एक इकडे एक तिकडे गेला तर डिटेक्टरमध्ये काहीच उमटत नाही, जमा शून्य खर्च शून्य, ती टक्कर कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून त्या जोडीबरोबर दुसरं काहीतरी दिसणारं निघावं लागतं, एखादा जेट, एखादा फोटॉन, एखादा झेड बोसॉन (क्षीण बल वाहून नेणारा एक कण), ज्याच्या धक्क्यानं ती अदृश्य जोडी एका बाजूला ढकलली जाईल. एकच जेट आणि समोर मोठी पोकळी, याला मोनोजेट म्हणतात, आणि कोलायडरवरच्या डार्क मॅटर शोधातली ही सगळ्यात मळलेली वाट आहे.

सर्ननं २०१४ पासून सीएमएस प्रयोगाचा खरा डेटा सगळ्यांसाठी खुला करायला सुरुवात केली, कुणीही डाऊनलोड करू शकतं. मागच्या वर्षी चार विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तो उघडला. एकेक टक्कर स्क्रीनवर चित्रासारखी बघता येते. कितीतरी टकरी बघून झाल्यावर एक अशी आली की सगळे खुर्चीत पुढे सरकले, एका बाजूला जेटचा एकच लांब शंकू, बाकी डिटेक्टर जवळपास कोरा, आणि शंकूच्या बरोबर विरुद्ध दिशेला हरवलेल्या संवेगाचा बाण. बाण म्हणजे काही तिथून गेलेलं दिसलं असं नाही, तो फक्त बेरजेतून काढलेला असतो. तरी तो बघताना अंगावर काटा आला, खरं सांगते.

मग आम्ही हजारो टकरींचा ग्राफ काढला, आडव्या दिशेला संवेग किती हरवला ते एका अक्षावर आणि तशा टकरी किती ते दुसऱ्यावर. ग्राफची शेपटी अपेक्षेपेक्षा बरीच लांब निघाली. मोठा संवेग हरवलेल्या टकरी कितीतरी जास्त! एक मुलगा म्हणाला, हेच तर नाही ना ते? संध्याकाळपर्यंत कुणी घरी जायला तयार नव्हतं. दोन दिवसांनी उलगडा झाला, कॅलरीमीटर म्हणजे डिटेक्टरचा ऊर्जा मोजणारा भाग, त्यातला इलेक्ट्रॉनिक गोंगाट गाळून टाकायच्या चाळण्या असतात त्या आम्ही लावल्याच नव्हत्या. कॅलरीमीटरच्या एखाद्या भागात उगाचच मोठी ऊर्जा नोंदली गेली तर हिशेबाला वाटतं की समोरून तेवढंच काहीतरी नाहीसं झालंय. चाळण्या लावल्या आणि शेपटी आखडली. मुलं थोडी हिरमुसली, पण त्या दोन दिवसांत ती जे शिकली ते मी वर्षभर फळ्यापाशी उभं राहून शिकवू शकले नसते. हरवलेला संवेग हा सगळ्या चुका जिथे येऊन जमा होतात तो खड्डा आहे. जेटची ऊर्जा कमी मोजली गेली, बीमबरोबर एखादा भटका म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) डिटेक्टरमध्ये घुसला, कुठला एक भाग बंद होता, काहीही झालं तरी फरक तिथेच पडतो. म्हणून यात शोध लागला असं म्हणण्याआधी सगळा हिशेब पहिल्यापासून तपासावा लागतो.

हे आजचं नाही. १९८३ मध्ये सर्नमध्येच डब्ल्यू बोसॉन (झेडसारखाच क्षीण बलाचा कण) सापडला तो याच पद्धतीनं, एका बाजूला जोरात गेलेला इलेक्ट्रॉन आणि समोर पोकळी, त्या पोकळीत न्यूट्रिनो होता, जवळपास कशालाच न अडणारा अतिशय हलका कण. त्याबद्दल १९८४ चं नोबेल कार्लो रुबिया आणि सायमन व्हॅन डर मीर यांना मिळालं. आणि त्याच १९८४ मध्ये त्याच यूए-१ डिटेक्टरमध्ये मोनोजेटच्या काही टकरी दिसल्या, एक जेट आणि समोर काही नाही. सुपरसिमेट्रीचा (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असावा ही कल्पना) कण सापडला की काय अशी मोठी खळबळ उडाली. पुढे एकेक बॅकग्राउंड, म्हणजे तशाच दिसणाऱ्या ओळखीच्या टकरी, नीट मोजत गेल्यावर लक्षात आलं की डब्ल्यू, झेड वगैरे ओळखीच्याच प्रक्रियांचे थोडे थोडे वाटे एकत्र केले की तेवढ्या टकरी होतात. तेच यंत्र, तीच पद्धत, तीच माणसं, एकदा नोबेल आणि एकदा भास! फरक फक्त बॅकग्राउंड किती बारकाईनं कळलंय याचा. आत्ताच्या प्रयोगांत लोक जे वर्षानुवर्षं घासतायत ते हेच काम, आणि आपल्या बातमीत त्याचा एक शब्द नव्हता याचं मला वाईट वाटलं.

त्या कामातला एक भाग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोनोजेटचं सगळ्यात मोठं बॅकग्राउंड म्हणजे झेड बोसॉन. जेटबरोबर एक झेड तयार होतो आणि त्याच्या दोन न्यूट्रिनो होतात, न्यूट्रिनो दिसत नाहीत, म्हणजे डिटेक्टरच्या दृष्टीनं हे हुबेहूब डार्क मॅटरसारखं. एकेकटी टक्कर बघून फरक करणं केवळ अशक्य. मग करतात काय, तर तोच झेड कधीकधी दोन म्यूऑनमध्ये पण फुटतो आणि म्यूऑन छान स्पष्ट दिसतात. अशा टकरी घ्यायच्या आणि हिशेबातून ते दोन म्यूऑन मुद्दाम पुसून टाकायचे, जणू ते दिसलेच नाहीत. जे उरतं ते अगदी न्यूट्रिनोवाल्या टकरीसारखं दिसतं. झेड साधारण २० टक्के वेळा न्यूट्रिनोंच्या जोडीत फुटतो आणि ३.४ टक्क्यांच्या आसपास म्यूऑनच्या, म्हणजे दिसणाऱ्या प्रत्येक म्यूऑन-जोडीमागे जवळपास सहा न दिसणाऱ्या जोड्या असणार. दिसणाऱ्यावरून न दिसणारं किती हे असं मोजायचं, आणि मोजून झाल्यावर बघायचं की प्रत्यक्षात त्याहून जास्त काही आहे का. आत्तापर्यंत जास्त काही निघालेलं नाही. पण हे ‘नाही’ कशातून आलंय बघा, नुसतं डोकावून बघितलं आणि दिसलं नाही असं ते नाहीये.

आता या ‘नाही’मधून हाती काय आलं ते सांगते, कारण माझा मुद्दा तोच आहे. एलएचसीच्याच बोगद्यात आधी लेप नावाचा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट विद्युतभाराचा जोडीदार) कोलायडर होता, १९८९ ते २००० पर्यंत चालला. तिथे झेडचा न दिसणारा हिस्सा इतका अचूक मोजला गेला की हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच, चौथा नाही, हे पक्कं झालं. तेही न दिसणाऱ्याचंच मोजमाप होतं! आणि त्यातून आपोआप हेही ठरलं की डार्क मॅटर झेडच्या निम्म्या वजनाहून हलकं असेल आणि झेडशी न्यूट्रिनोइतक्याच ताकदीनं जोडलेलं असेल, तर तसं डार्क मॅटर नाही. एका आख्ख्या कल्पनेला पूर्णविराम. आता हिग्ज बोसॉनचं घ्या, ज्याच्याशी जोडल्यामुळे मूलभूत कणांना वजन मिळतं. ४ जुलै २०१२ ला त्याची घोषणा झाली, वजन १२५ जीईव्ही. पुष्कळ लोकांचा कयास असा की डार्क मॅटरला आपल्या जगाशी जोडणारा दरवाजा असलाच तर तो हिग्ज असेल. तसं असेल आणि तो कण हिग्जच्या निम्म्यापेक्षा हलका असेल तर हिग्ज कधीकधी पूर्ण अदृश्य व्हायला पाहिजे. अ‍ॅटलास प्रयोगाच्या आत्तापर्यंतच्या एकत्रित निकालाप्रमाणे, ९५ टक्के खात्रीनं, हिग्ज १०० पैकी साधारण ११ वेळांपेक्षा जास्त अदृश्य होत नाही. आणि डार्क मॅटर मुळीच नसलं तरी, नुसत्या न्यूट्रिनोंमुळे, तो हजारात एखाद्या वेळी अदृश्य होणारच. म्हणजे शंभरात अकरापासून हजारात एकापर्यंत केवढी मोठी जागा अजून बघायची राहिलीय. ‘अपयश’ म्हणून त्या जागेवर आत्ताच फुली मारणं बरोबर नाही.

आता उलट बाजू, आणि ही मला तितकीच महत्त्वाची वाटते. उद्या कोलायडरमध्ये खरोखरच जास्तीच्या मोनोजेट टकरी दिसल्या, सगळे गोंगाट गाळून, सगळी बॅकग्राउंड वजा करून, पाच सिग्मा म्हणतात तेवढ्या खात्रीनं, म्हणजे निव्वळ योगायोगानं असं दिसायची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. तरीही आपण ‘डार्क मॅटर सापडलं’ असं हेडिंग देऊ नये. कारण कोलायडरला एवढंच कळतं की कण डिटेक्टरमधून न दिसता बाहेर पडला. बाहेर पडायला त्याला लागतात काही दहा नॅनोसेकंद. डार्क मॅटर विश्वाच्या सुरुवातीपासून टिकून आहे, १३.८ अब्ज वर्षं. बाहेर पडून एका मायक्रोसेकंदात फुटून गेलेला कण आणि कायमचा टिकणारा कण, डिटेक्टरला दोघं सारखेच. तेव्हा कोलायडर उमेदवार दाखवेल, आकाशातलं डार्क मॅटर तेच का हे त्याला एकट्याला सांगता यायचं नाही.

म्हणून दुसऱ्या बाजूला खोल जमिनीखाली वाट बघत बसलेले प्रयोग आहेत. अमेरिकेत दक्षिण डाकोटामध्ये सोन्याच्या जुन्या खाणीत, दीड किलोमीटर खाली, लक्स-झेपलिनमध्ये १० टन द्रवरूप झेनॉन ठेवलाय, आकाशातून येणारा डार्क मॅटरचा कण एखाद्या झेनॉन अणूला धडकून बारीक चमक देईल म्हणून. इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली झेनॉन-एनटी आहे. त्यांनाही अजून चमक दिसलेली नाही. यांची आणि कोलायडरची स्पर्धा लावून कोण पुढे असं लिहिलेलं कधीकधी वाचनात येतं, ते मला पटत नाही, कारण दोघांची नजर वेगवेगळ्या ठिकाणी पोचते. कण फार हलका असेल, प्रोटॉनच्या आसपास किंवा खाली, तर झेनॉनच्या जड अणूला तो हलवूच शकत नाही, धक्का इतका छोटा की नोंद होत नाही, आणि तिथे कोलायडर उपयोगी पडतो कारण त्याला हलका कण तयार करणं जड जात नाही. उलट कण खूप जड असेल तर कोलायडरची ऊर्जाच पुरत नाही, तिथे झेनॉन पुढे. आणि दोन्हीकडे एकाच वजनाचं, एकाच ताकदीचं काहीतरी दिसलं तर मग मात्र हेडिंग जितकं मोठं देता येईल तितकं द्या, मी स्वतः पेपर घेऊन वर्गात जाईन.

अजून एक गोष्ट बातमीत हवी होती. सगळ्या मर्यादा कुठल्यातरी गृहीतकावर उभ्या असतात. ‘अमुक टीईव्हीपर्यंत डार्क मॅटर नाही’ असं वाक्य छापलं जातं तेव्हा बहुतेक वेळा खरी गोष्ट अशी असते की क्वार्क आणि डार्क मॅटर यांच्यामध्ये एक मध्यस्थ कण आहे असं धरलं, तो दोघांशी अमुक इतक्या ताकदीनं जोडलेला आहे असं धरलं, तर त्या मध्यस्थाचं वजन इतक्यापर्यंत असू शकत नाही. ताकद कमी धरली की आकडा घसरतो, बराच घसरतो. शिवाय मध्यस्थ असेल तर तो परत क्वार्कमध्येही फुटेल, तेव्हा दोन जेटच्या टकरींतही त्याचा उंचवटा दिसायला हवा, तोही शोधतात. म्हणजे डार्क मॅटरचा शोध जिथे काहीच हरवलेलं नाही अशा टकरींतही चालू असतो.

आणि विम्प हेच उत्तर आहे असं निसर्गानं कुठे लिहून दिलेलं नाही. जपानमध्ये त्सुकुबाला बेल-२ प्रयोग आहे, ऊर्जा कितीतरी कमी पण टकरी स्वच्छ, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या, त्यात सुरुवातीची ऊर्जा पूर्ण माहीत असते त्यामुळे हिशेब फक्त आडवा नाही, सगळ्या दिशांचा जुळवता येतो. तिथे हलके डार्क कण शोधतायत. एलएचसीवरच फेझर नावाचा छोटा डिटेक्टर आहे, अ‍ॅटलासच्या टक्करबिंदूपासून ४८० मीटर लांब, अगदी बीमच्या सरळ रेषेत, लांब जाऊन मग फुटणाऱ्या कणांसाठी. त्याला डार्क फोटॉन (डार्क मॅटरच्या जगातला फोटॉनसारखा काल्पनिक कण) अजून दिसला नाही, पण २०२३ मध्ये कोलायडरमध्ये तयार झालेले न्यूट्रिनो पहिल्यांदा त्यानंच प्रत्यक्ष पकडून दाखवले. शोधायला गेले एक आणि हाताला लागलं दुसरं, तेही कामाचं!

मला स्वतःला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते ते पण लिहिते, ती ट्रिगरची. सेकंदाला ४ कोटी वेळा झुबके एकमेकांतून जातात, सगळं साठवणं शक्य नाही, म्हणून काही मायक्रोसेकंदांत ठरवावं लागतं की हे ठेवायचं की सोडायचं, आणि पूर्ण तपशिलासह शेवटी ठेवलं जातं सेकंदाला काही हजारांच्या घरातलं. बाकीचं कायमचं गेलं, परत मागता येत नाही. काय ठेवायचं हे ठरवणारे नियम, आपण काय सापडेल असं धरून चाललोय त्यावर लिहिलेले असतात. डार्क मॅटर वेगळ्याच रूपात येत असेल, छोटा संवेग हरवणारं, उशिरा फुटणारं, तर ते आत्तासुद्धा तयार होत असेल आणि आपण सोडून देत असू. यावर काम चालू आहे, सीएमएसमध्ये प्रत्येक टकरीची छोटी टिपणं ठेवून जास्त टकरी वाचवतात, एलएचसीवरच्याच एलएचसीबी प्रयोगानं तर पहिली हार्डवेअरची चाळणी काढूनच टाकली आणि सगळं सॉफ्टवेअरनं बघायला सुरुवात केली. २०३० च्या आसपास याच यंत्राची सुधारित आवृत्ती सुरू व्हायचीय, तिचं उद्दिष्ट मूळ आराखड्याच्या साधारण दहापट टकरी जमवण्याचं आहे. हिग्जची ती शंभरात अकरावाली मर्यादा तेव्हा बरीच खाली येईल अशी अपेक्षा आहे.

वुल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये बीटा क्षयातल्या (किरणोत्सर्गाचा एक प्रकार) हरवलेल्या ऊर्जेवरून न्यूट्रिनो असावा असं मांडलं. तो प्रत्यक्ष पकडला कोवान आणि राइनेस यांनी, १९५६ मध्ये. मधल्या २६ वर्षांत दरवर्षी कुणी ‘न्यूट्रिनो यंदाही नाही’ असं हेडिंग देऊ शकलं असतं आणि ते दरवर्षी खरंच ठरलं असतं.

आपल्याला माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी असा निकाल आला तर त्या चार ओळींत दोन गोष्टी द्या. कुठल्या वजनापर्यंत आणि किती ताकदीपर्यंत बघून झालं, हे एक. आणि काय गृहीत धरून, हे दुसरं. जागा तेवढीच लागेल. विद्यार्थ्यांना त्यातून कळेल की नकाशाचा कुठला भाग आता भरला आणि कुठला अजून कोरा आहे. त्या मुलीनं ती बातमी कापून वहीत चिकटवलीय आणि हेडिंगखाली पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलंय. पुढची बातमीही ती कापून ठेवणार आहे.

आपली,
एक नियमित वाचक
(भौतिकशास्त्राची शिक्षिका)